उलट्या बाणाचा पाट

मी एक पाट बोलतोय. बसायचा नव्हे, उभं राहायचा! माझ्यावर कुणी मांडी ठोकून बसलं की मला अजूनही राग येतो.

माझा जन्म एका कारखान्याच्या पॅकिंग विभागातला. माझी मालकीण तिथे लाकडी खोक्यांना खिळे ठोकायची. अंगाने लहानखुरी, म्हणून सगळे तिला ‘चिमणी’ म्हणत. तिचा जीव मात्र शेजारच्या शेडमधल्या लेथ मशीनवर जडला होता. फिरत्या लोखंडाच्या कुरळ्या साली निघताना बघण्यात तिची जेवणाची सुट्टी जायची.

एक दिवस तिने फोरमनकाकांना गाठलंच. काका मनाने चांगले, पण तोंडाने फटकळ.

“अगं, मशीन बंद करायचा दांडा वर आहे. हात पोचला तर मशीन तुझं. नाही पोचला, तर गुपचूप खोकी ठोकायची!”

हात पोचला नाही. जेमतेम चार बोटं कमी पडला. शेडभर हशा पिकला. ती तडक पॅकिंगमध्ये गेली, मोडक्या खोक्याच्या फळ्या घेतल्या आणि दणादण मला ठोकून काढलं. घाईत एक फळी उलटी बसली. तिच्यावर छापलं होतं ‘ही बाजू वर’, आणि बाण जमिनीकडे!

माझ्यावर चढून तिने दांडा खटकन ओढला.

“बाण खाली आहे गं तुझा,” काका म्हणाले.

“असू दे काका. मी वर आहे ना!”

काकांना हसू आवरेना. मशीन तिला मिळालं.

मी माणसं पायांवरून ओळखतो. सुरुवातीला तिने पुष्कळ माल बिघडवला. बिघडला की माझ्यावर टाच आपटायची. पुढे टाच आपटणं कमी झालं आणि काम जमलं की ती पंजांनी हळूच ताल धरू लागली. लेकीच्या वेळी पाय सुजले होते, तेव्हा तिचा भार मला नेहमीपेक्षा जड लागला. बाळंतपणानंतर ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. ती आली. मला झटकलं, जागेवर सरकवलं आणि कामाला लागली.

चिमणीची ‘ताई’ कधी झाली ते कळलंच नाही. तपासणीच्या टेबलाशी गेली, मीही गेलो. पुढे विभागप्रमुख झाली. ऑफिसातली खुर्ची एवढी उंच, की मॅडमचे पाय लोंबकळायला लागले! मग मी टेबलाखाली रुजू झालो.

“मॅडम, खुर्ची बदलली, पाट तोच?” कुणीतरी चिडवलं.

“खुर्ची कंपनीची आहे. पाट माझा आहे!”

हे ऐकून माझ्या फळ्या ताठ झाल्या. नवी मशीनं आली तेव्हा तिने हट्टाने दांडे खाली बसवून घेतले. तिथल्या बायकांना माझ्यासारख्या पाटाची गरजच उरली नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, पण तिचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे दुसऱ्यांच्या हाती देऊन तिने मला स्वतः काखोटीला मारून घरी आणलं. आणि तिच्या यजमानांनी माझ्यावर कुंडी ठेवली! रोज पाणी झिरपायचं. ती समोर खुर्चीत बसायची, पण तिचे पाय स्वस्थ नसायचे. माझं सोडा, तिचं कसं होणार, याचीच मला काळजी लागली.

एका संध्याकाळी ती फणफणत आली. जवळच्या प्रशिक्षण शाळेत तिला लेथ शिकवायला बोलावलं होतं.

“फळा कुणी एवढा उंच लावलाय? वर हातच पोचत नाही!”

“मग खालच्या अर्ध्यात लिही,” यजमान म्हणाले.

“अहो, ती कुंडी उचला आधी.”

आता मी त्या फळ्यासमोर असतो. तिथे शिकणाऱ्या सगळ्या मुली तिला ‘बाई’ म्हणतात. परवा एकीने विचारलं, “बाई, बाण उलटा कसा?”

“ये, उभी राहून बघ,” बाई म्हणाल्या.

माझे खिळे सैल झालेत. बाईंचे गुडघेही कुरकुरतात. तरी आम्ही रोज वेळेवर हजर असतो. मी कधी मोडलोच, तर माझ्यावर पुन्हा कुंडी ठेवू नका. शाबूत फळ्या निवडा आणि जिचा हात पोचत नसेल तिच्यासाठी नवा पाट ठोका. घाईत बाण खाली आला तरी चालेल.