नऊशे मिलिसेकंदांची शर्यत

मित्रांनो, मला चेहरा नाही, नुसते लुकलुकणारे दिवे आहेत. लखनऊच्या एका दूध कारखान्यातला मी जुना पीएलसी, म्हणजे यंत्रांना हुकूम सोडणारा नियंत्रक. नळीतल्या दुधाचं तापमान वाचायचं आणि ते उतरलं, तर पलीकडच्या नियंत्रकाला कळवायचं, हे माझं काम. तो व्हॉल्व्ह फिरवतो आणि कच्चं राहिलेलं दूध परत तापायला जातं.

माझ्यापासून त्या व्हॉल्व्हपर्यंत दूध नऊशे मिलिसेकंदांत पोचतं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. निरोपानं त्याआधी पोचायलाच हवं. बारा वर्षं तो पोचला. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

मग आमच्या तारेवर दोन नवी वजनयंत्रं आली. तारेवर प्रत्येकानं आपली पाळी आल्यावरच बोलायचं असतं. बोलणारे वाढले, तशी माझी पाळी लांबली. नव्या यंत्रांसह दुधाची लाइन दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हायची होती आणि चाचणीच्या कागदावर आमची तपासणी करणाऱ्या, तेलीबाग वस्तीतल्या इंजिनिअर मायाची सही हवी होती.

तिचे साहेब सदाशिवराव निवृत्तीला आलेले, घाईचे. "माया, दहा वेळा तपासलं ना? दसों बार पास! सरासरी पावणेआठशे येते. कर सही."

"सर, सरासरी ठीक आहे. पण तापमान उतरलं आणि त्याच क्षणी याचं वाचन नुकतंच संपलं असेल तर? वर पाळीही हुकली तर? पलीकडच्याचीही निरोप बघायची फेरी नुकतीच होऊन गेली असेल तर? सगळी थांबणी जोडली की एक हजार साठ होतात."

"अरे यार, इतकं सगळं एकदम कधी हुकतं का?"

माया वाद घालत बसली नाही. नळीत नुसतं पाणी सोडून ती चाचण्या घेत राहिली. वीस, तीस, चाळीस. मलाही तिचा राग आला. माझ्यावर एवढा अविश्वास! सत्तेचाळिसाव्या वेळी घड्याळानं एक हजार तीस दाखवलं.

मी लाजलो. मी रेंगाळलो नव्हतो, पण निरोप उशिराच पोचला होता.

सदाशिवरावांनी आकडा पुन्हा वाचला. "आमच्या महानगर वस्तीत याच दुधाचं पाकीट येतं. सलोनी, माझी नात, रोज तेच दूध पिते," ते म्हणाले. "लाइन उद्या नाही सुरू होणार. वर काय सांगायचं ते मी सांगतो. तू बोल, काय करायचं?"

"सर, याच्यापासून व्हॉल्व्हपर्यंत वेगळी तार टाकू. पाळीची भानगडच नको."

तार दोन दिवसांत पडली. आता सगळं हुकलं, तरी निरोप पाचशेच्या आत पोचतो. मायानं शंभर वेळा तपासलं, मगच सही केली.

मित्रांनो, आमची धूळ जरूर पुसा, पंखे साफ ठेवा. पण आमच्यात कुणी नवा आला, की वेळ पुन्हा मोजा आणि सगळ्यात वाईट दिवस धरून मोजा. सलोनीच्या पेल्यात सरासरी दूध नसतं, त्या दिवशीचं असतं.