जिन्यातली भाषा

भिंगरीच्या घरात स्वतःची भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवावी लागे. हा नियम शाळेचा. या देशात आल्यावर अडीच-तीन वर्षांच्या पोरीला शाळेत घातलं, तेव्हा मोठ्या बाईंनी दुभाष्याकडून बजावलं होतं, "घरात तुमची भाषा बंद. पोरीशी फक्त शाळेच्या भाषेत बोला, नाहीतर ती मागे पडेल."

मागे पडेल हा शब्द बापाला बरोबर लागला. लढाईत घर, शेत, सख्खा भाऊ, सगळं मागे पडलेलं. आता पोरगी तरी पुढे जायला हवी होती. तो फरश्या बसवणारा, सुताएवढा फरक न खपवणारा माणूस. बाईंचा शब्द त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. घरात आपला शब्द काढायचा नाही, अगदीच राहवलं नाही तर जिन्यात जायचं, दार ओढून घ्यायचं आणि काय ते तिथे बोलायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

पंचाईत झाली आईची. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि नवी भाषा तिला मिळाली ती तिथल्या मुकादमबाईकडून. लवकर कर. दुमड. इकडे ठेव. हे नको. एवढ्या भांडवलावर तिनं आईपण चालवलं. "लवकर जेव. दप्तर इकडे ठेव. हे नको." मुकादमबाईच घरी राहायला आली म्हणायची! पोरगी कुशीत शिरली की त्या माउलीला बोलायला काही सापडायचं नाही. नुसती केसांतून हात फिरवत बसायची.

खरं तर लेकीसाठी तिनं एक गोष्ट जपून ठेवली होती, भिंगरीच्या जन्माची. गाव सोडून पळताना एका परक्या म्हातारीच्या गोठ्यात ती जन्मली. बाहेर सैनिक फिरत होते आणि ही बया जन्मल्या जन्मल्या गोठा डोक्यावर घेऊन रडत होती. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी बाळाच्या तोंडावर हात ठेवायला पुढे झालं, तर म्हातारीनं तो हात झटकला. "रडू दे तिला," ती म्हणाली, "आत्ताच तर आवाज फुटलाय." ही गोष्ट आईला लेकीला सांगायची होती, पण मुकादमबाईच्या शब्दांत ती कशी बसावी?

सुरुवातीला दोघं नवराबायको जिन्यात हसायचीसुद्धा. पुढे कामानं पिचली. मग भांडण असेल किंवा गावाकडून कुणी गेल्याचा फोन आला, तरच चपला घालून बाहेर जायची. भिंगरी आत अभ्यास करत बसायची आणि दारापलीकडून रडणं ऐकू यायचं.

पोरगी वर्गात पहिली यायला लागली. बोलायची मात्र कमी.

यंदा शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी आईबापाला बोलावून घेतलं. दुभाष्या तोच. "घरी तुमच्याच भाषेत भरपूर बोला," बाई हसून म्हणाल्या. "मुलं त्यानं जास्त चांगली शिकतात. तो जुना नियम चुकीचा होता."

आज बस उशिरा आली म्हणावं, इतक्या सहज त्या हे बोलून गेल्या.

"मग इतकी वर्षं गेली त्यांचं काय?" बापानं विचारलं. दुभाष्यानं ते बाईंना सांगितलंच नाही.

आई जवळजवळ पळतच घरी आली, बाप मागोमाग. भिंगरी टेबलाशी गणितं सोडवत होती. आई तिला खेटून बसली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "बाळा, तू झालीस ना, तेव्हा आम्ही एका गोठ्यात होतो..." त्या खोलीत तिला स्वतःचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकू आला. आनंदानं तिचे डोळे भरून आले.

भिंगरीची पेन्सिल थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण गेलं?" तिनं शाळेच्या भाषेत विचारलं.

"कुणी नाही गं! ऐक तर, ती म्हातारी म्हणाली..."

पोरीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिला दिसत होतं ते आईच्या डोळ्यांतलं पाणी. ती शहाण्यासारखी उठली. आईच्या चपला आणून तिच्या पायांशी ठेवल्या, बापाच्याही ठेवल्या आणि जिन्याचं दार उघडून बाजूला उभी राहिली.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून चपला घालत होता.

जिन्यात उभं राहून तिनं ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यालाच सांगितली, त्याला सगळी पाठ असताना. त्यांना मोकळेपणी रडता यावं म्हणून भिंगरीनं आतून दार नीट लावून घेतलं होतं.