स्टुलाची जागा

"पाय वर!" स्वयंपाकघरातून मथुरा ओरडली.

येसाजीनं पाय पुन्हा उशांवर चढवला. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेला तो डावा पाय जहागीरदारासारखा लोळत होता. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात एकतीस वर्षं उभं राहून त्यातल्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्या काढल्या आणि बजावलं, "चाला, नाहीतर पाय वर घेऊन पडा. एका जागी उभं राहायचं नाही."

पडल्यापडल्या करायचं काय, म्हणून येसाजीनं मेव्हण्याचा जुना कॅमेरा मागवला. खाट बुटकी. तिथून समाचाराला येणाऱ्यांच्या नाकपुड्या, पोटं आणि हनुवटीच्या वळ्या तेवढ्या दिसत. येसाजीला ते पसंत होतं. माणूस खालून पाहिला की त्याची खरी किंमत कळते, असं त्याचं मत झालं होतं. ती फारशी नसते.

दुकानाचे मालक वासुदेवराव दोन मोसंबी घेऊन आले. घरातल्या एकुलत्या खुर्चीत बसले आणि चपलांसकट पाय खाटेच्या कडेला टेकवले.

"येसाजी, स्वल्प, जरा लवकर बरा हो रे. वरमहालक्ष्मीचा सण तोंडावर आलाय, साड्यांना गर्दी होणार."

"येतो की अण्णा. फक्त काउंटरमागं एक स्टूल टाकू द्या. गिऱ्हाईक नसताना टेकेन."

"स्टू-ऽ-ल?" वासुदेवरावांनी शब्द चिमटीत धरून लांब केला. "गिऱ्हाईक काय म्हणेल? आणि तुला दिलं की उद्या सगळ्यांनाच पाहिजे." मग त्यांना कॅमेरा दिसला. "फोटो काढतोस? काढ माझा. चांगला आला तर दुकानात लावू."

"सरी, अण्णा, काढतो की." येसाजीनं अत्यंत आदरानं नाकपुड्या नेमक्या मधोमध घेतल्या.

मालक गेल्यावर त्यानं ठरवलं आणि मथुराला सांगितलंही, उशाशी औषधांच्या बाटल्या ठेवलेलं घरचंच स्टूल सोमवारी बगलेत मारून दुकानात न्यायचं. काय करतो बघू म्हातारा.

शनिवारी मथुरा स्टुडिओतून फोटो घेऊन आली. नाकपुड्या झकास आल्या होत्या, दोन बोगदेच. तिला दाखवून हसावं म्हणून येसाजीनं फोटो उचलला आणि तसाच डोळ्यांजवळ नेला.

फोटोत खुर्चीमागं, एका बाजूला मथुरा होती. हातात कॉफीचा लोटा, आणि एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाची पोटरी चोळत होती. साडी वर सरकलेली. पोटरीवर निळ्या गाठी. त्या गाठी येसाजीच्या चांगल्याच ओळखीच्या होत्या.

त्यानं सगळे छत्तीस फोटो पुन्हा पाहिले. अकरा फोटोंत मथुरा होती, कडेला, अर्धी कापलेली. अकराही फोटोंत उभी.

"कधीपासून आहे हे पायाचं?" त्यानं विचारलं.

"रक्षिता पोटात होती तेव्हापासून."

"म्हणजे बावीस वर्षं! बोलली नाहीस?"

"विचारलंत कधी?" म्हणून ती भाताकडे गेली.

स्टुलाला वासुदेवरावांना निदान 'नाही' तरी म्हणावं लागलं होतं. येसाजीला तेवढेही कष्ट पडले नव्हते.

तो उठला. स्टुलावरच्या बाटल्या जमिनीवर मांडल्या, लंगडत गेला आणि स्टूल ओट्यापुढं ठेवलं.

"हे काय? सोमवारी नेणार होतात ना दुकानात?"

"बस."

"स्टू-ऽ-ल?" मथुरानं शब्द हुबेहूब वासुदेवरावांसारखा ताणला. "गिऱ्हाईक काय म्हणेल?"

येसाजी हसला नाही. दाराशी उभा राहिला. मथुरानं भात ढवळला, गॅस बारीक केला, पायानं स्टूल जरा पुढं ओढलं. मग कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन टेकली आणि मान खाली घालून निवडत राहिली.

बऱ्याच वेळानं तिनं मागं पाहिलं. तो अजून तिथंच होता.

"पाय वर!" ती ओरडली. बसूनच.