मंडळाचं स्वयंपाकघर

दोनोस्तिया शहराच्या जुन्या भागात पुरुषांची स्वयंपाकाची मंडळं आहेत. त्यांतल्या एका मंडळाचा चोमिन हा मुख्य बल्लव. घरी चहाचं आधण ठेवायलाही उठायचा नाही, पण मंडळात एप्रन बांधला की गडी राजा. बायकांनी यावं, पोटभर जेवावं, वाहवा करावी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मात्र पाऊल टाकायचं नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मोडायचा कुणाला विचारून, हाही प्रश्नच होता.

आता त्याच स्वयंपाकघराचं नूतनीकरण निघालं होतं, आणि चोमिनची एकुलती एक लेक गारासी आर्किटेक्ट होती!

डिसेंबरच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांना ती नवऱ्याला, ओरिओलला, घेऊन बार्सिलोनाहून माहेरी आली. हे काम तिला हवंच होतं. ते मिळालं असतं तर इथेच ऑफिस थाटून कायमचं परत येता आलं असतं. बापाला तिने फोनवर तसं सांगितलंही होतं. "अगं, आत न जाता स्वयंपाकघर कसं बांधशील?" असं म्हणून त्याने पावसापाण्याचा विषय काढला होता. ते तिला फार लागलं होतं. रविवारी मंडळ मत घेऊन काम कुणाला द्यायचं ते ठरवणार होतं.

तोवर दोन दिवस तिने नवऱ्याला गावभर हिंडवलं. एका दुकानात उभ्या उभ्या काडीला टोचलेली मासळी, मिरची नि ऑलिव्ह खायचं, दुसरीकडे लसणावर परतलेली अळंबी, आणि मधल्या वाटेवर मान वर करून घरं बघायची.

"तू मला खायला आणलंयस की शिकवायला?" ओरिओल कुरकुरला.

"खा आणि वर बघ. ही गल्ली दोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या आगीतून वाचलेली आहे. बाहेरून दगड दिसतो, आत सगळं लाकूड. इथल्या भिंती नुसत्या आडोशाला नसतात, वरचे मजले त्यांच्यावर बसलेले असतात."

ओरिओलने भरल्या तोंडाने मान डोलावली. तो दातांचा डॉक्टर होता.

शनिवारी संध्याकाळी त्याच गल्लीत, मंडळात जेवण होतं. मंडळाचा अध्यक्ष आंचोन ऐटीत म्हणाला, "स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली ही भिंत मंगळवारी पाडायची. मग बघा कसं ऐसपैस होतं!"

गारासीने बाहेरच्या बाजूने भिंतीवर हात फिरवला, वर पाहिलं. छत एका अंगाला खचलं होतं.

"आंचोनकाका, हिच्यावर वरचे मजले आहेत. आतल्या बाजूला तुळईचं टोक असणार. मला बघू द्या."

"बघायला तुझा नवरा आहे की!"

ओरिओल मोबाइल घेऊन आत गेला आणि माशाचा फोटो काढून आला.

"तुळई कुठंय?"

"आधी मासाच दिसला गं."

सगळे खो खो हसले. गारासीच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. ती उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. आत चोमिन तेलालसणातल्या माशाचं पातेलं दोन्ही हातांनी सारखं हलवत होता. हात थांबला की रस फुटतो.

"बाबा, वर माणसं झोपतात हो," ती म्हणाली.

चोमिनचा हात थांबला. त्याने लेकीकडे पाहिलं.

"आत ये."

"चोमिन! नियम!" आंचोन ओरडला.

"दरवर्षी तो मीच वाचून दाखवतो. मला नको शिकवूस."

गारासी आत गेली, स्टुलावर चढली आणि सुरीने छताजवळचं प्लास्टर खरवडू लागली. पोपडा पडला आणि मागून काळीभोर तुळई दिसली, मांडीएवढी जाड, सगळा भार भिंतीवर टाकून बसलेली. आंचोनने येऊन तुळईला हात लावून पाहिला आणि मग जाऊन खुर्चीत बसला. हसणाऱ्यांचे चेहरे उतरले.

"अरे देवा, रस फुटला!" चोमिन कळवळला. पातेल्यात तेल एकीकडे, पाणी एकीकडे झालं होतं.

गारासीने स्टुलावरून उडीच मारली. पातेलं विस्तवावरून उतरवून ओट्यावर ठेवलं, चमचाभर गार पाणी घातलं आणि हलवायला लागली. लहानपणी उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने हे किती वेळा पाहिलं होतं! पण ओटा धिप्पाड पुरुषांच्या उंचीच्या बेताचा. टाचा उंचावूनही तिचे खांदे कानाला लागत होते. चोमिनने पातेल्याचा एका बाजूचा कान धरला, दुसरा तिच्या हातात राहू दिला. दोघं हलवत राहिली आणि रस हळूहळू मिळून आला.

आंचोन दारात घुटमळला. "उद्या मत कशाला घ्यायचं आता? पण भिंत ठेवून जागा कशी वाढवणार गं?"

"ते माझ्यावर सोडा, काका."

"आणि हे बघ," चोमिन पातेल्यावरची नजर न काढता लेकीला म्हणाला, "नकाशा काढशील तेव्हा ओटा चार बोटं खाली घे. तुझा हात नीट पोचला पाहिजे."