दसऱ्याच्या पाटावरची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. शोभेची वस्तू मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पातळ लाकडी फळ्या वाकवून, चिकटवून एका कारागिराने मला घडवले. धायरीच्या आमोदने कॉलेजात असताना मला हौसेने घरी आणले. नोकरी लागताच तो बंगळूरला गेला आणि मी कपाटावर गेले. वर्षानुवर्षे धूळ खाल्ली. पालीने माझ्या पोटात अंडी घातली, तरी कुणाला पत्ता नाही.

निवृत्त झाल्यावर त्याच्या आईने, हेमाताईंनी, मला खाली काढले. शिकवायला शेजारच्या इमारतीतली स्वराली येऊ लागली. हेमाताईंची बोटे सोलली, मिरची चिरताना झोंबू लागली.

"काकू, तार इतकी दाबू नका. ती कुठे पळून जात नाहीये," स्वराली म्हणायची. खोटे कौतुक तिने कधीच केले नाही. म्हणून ती जेव्हा म्हणाली, "दसऱ्याला सोसायटीत एक गाणं वाजवा, आता जमेल," तेव्हा हेमाताईंचा चेहरा उजळला.

त्यांचे यजमान श्यामराव म्हणाले, "वा! साठीनंतर एवढंच राहिलं होतं. चारचौघांत हसं करून घे."

दसऱ्याला पुस्तकांची, वाद्यांची पूजा असते. एरवी मला 'खोकं' म्हणणाऱ्या श्यामरावांनी त्या सकाळी स्वतः मला पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली.

"पूजेतल्या वाद्याला आज हात लावायचा नसतो," ते म्हणाले. "उद्या वाजव हवं तर."

उद्या कार्यक्रमच नव्हता!

हेमाताईंनी स्वरालीला फोन केला. ती म्हणाली, "तुमच्या घरचा रिवाज, काकू. ठरवा तुम्हीच. मी सहाला खाली थांबते."

हेमाताई पाटासमोर बसून राहिल्या. समोर सरस्वतीची तसबीर होती. मग त्या वळल्या. "अहो, हिने वीणा खाली ठेवलेली कधी पाहिलीत का?"

श्यामराव चष्मा पुसू लागले.

हेमाताईंनी मला नमस्कार केला, माळ काढली आणि उचलले. खाली मांडवात त्या वाजवायला बसल्या. एक सूर साफ चुकला. पहिल्या रांगेत बसलेले शेजारचे बापूराव मुद्दाम खोकले. पण त्या थांबल्या नाहीत, मीही थांबले नाही. गाणे पुरे झाले.

मित्रांनो, घरात एखादे वाद्य पडून असेल तर ते पुसा, तारा बदला, वाजवा. कुणी उतारवयात शिकायला बसले तर हसू नका. आणि हसलात, तरी आम्ही वाजणारच.