थियोकाकांच्या पॅनचा मुका सूर

मित्रांनो, मी एक जुना पॅन आहे. तव्याशी माझं नातं नाही, मी वाजतो. आमच्या त्रिनिदादच्या टेकडीवर मी आधी तेलाचं रिकामं पिंप होतो. थियोकाकांनी माझं बूड हातोड्याने असं ठोकलं की बंदरातल्या बोटी तोफा समजून माघारी फिरल्या. खोटं वाटत असेल तर बोटींना विचारा.

त्या खोलगट बुडात काकांनी आपल्या लहरीप्रमाणे सूर बसवले. तेव्हा प्रत्येक कारागीर सूर वेगळ्या जागी बसवी. त्यामुळे एकाच्या पॅनवर शिकलेले हात दुसऱ्याच्या पॅनवर आंधळे.

टेकडीवरचीच वर्नेल माझ्यावर वाजवायला शिकली. "पोरगी पिंप बडवते, हिला नवरा कोण देणार?" शेजारणी म्हणत. पुढे कार्निव्हलमध्ये त्याच शेजारणी तिच्या मागे नाचल्या.

ती म्हातारी झाली. यंदा कार्निव्हलमधल्या पॅनच्या स्पर्धेच्या दिवशी कोणीतरी मला ट्रकवर भर उन्हात ठेवलं. पत्रा तापला आणि माझा एक सूर बिघडला.

"मावशी, नवा पॅन घ्या," वादकांचा कप्तान रॉलस्टन म्हणाला.

"त्यावर मला सूर सापडायला पुढचा कार्निव्हल उजाडेल, बाबा. थियोला बोलाव."

काका आले. हातोडा माझ्यावर उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

"या वयात घाव चुकला तर पत्रा फाटेल, पोरी."

"आणि मारलाच नाहीस तर?"

"तर एक सूर मुका. बाकीचे शाबूत."

वर्नेलने हातोडा काढून घेतला आणि पिशवीत खाऱ्या माशाच्या पुरचुंडीखाली दडवला.

मंचावर मी भीतीने गार पडलो होतो. त्या सुराची जागा आली. तिची काठी हवेतच थांबली. तेवढ्यात गर्दीतून काकांच्या घोगऱ्या गळ्याने नेमका तोच सूर दिला. जागा पुन्हा आली, तेव्हा अख्खी टेकडी गायली. परीक्षक वाकून, मला टांगलं होतं त्या लोखंडी घोडीखाली शोधू लागले, हा कुठला पॅन वाजतोय.

नंबर कितवा आला ते सांगत नाही. तुम्ही मला थापाड्या म्हणाल.

हल्ली मी वर्नेलच्या खाटेखाली असतो. उन्हाची तिरीप सरकत आली की जीव खालीवर होतो. मग ती पायाने मला हळूच आत ढकलते. मित्रांनो, वाजत्या वस्तूवर वेळीच सावली धरा. एक सूर गेला, तर तो भरायला अख्खी टेकडी लागते.