शर्टाचं बटण लावलेला लॅपटॉप

मित्रांनो, माझ्या कीबोर्डवर एका अक्षराच्या जागी शर्टाचं पांढरं बटण चिकटवलेलं आहे. त्या खुणेवरून तुम्ही मला कुठेही ओळखाल. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी तुटली आहे, म्हणून पडदा इलॅस्टिकच्या पट्टीने ताणून उभा ठेवावा लागतो. बॅटरीने तर केव्हाच मान टाकली. वायर जरा हलली की मी तिथल्या तिथे डोळे मिटतो. पण माझी कीव करू नका. मला जे घर मिळालं, ते भल्याभल्यांना मिळत नाही.

पहिली सहा वर्षं मी एका कचेरीत काढली. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! रोज मऊ फडक्याने पुसत असत मला. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे धूळ खात पडलो होतो, तेव्हा कचेरीतल्या एका बाईंनी मला मागून घेतलं आणि आपल्या भाचीला आणून दिलं.

ही भाची विद्यापीठात प्रोग्रॅमिंग शिकत होती. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई कपडे शिवायची. शिलाई मशीनच्या शेजारी, चिंध्यांच्या ढिगाऱ्यात मला जागा मिळाली. बटण आणि इलॅस्टिक ही त्या आईचीच करामत.

मित्रांनो, मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. आपलं चुकलं की ती माझ्या कीबोर्डवर बुक्क्या मारतात. या मुलीने मला कधी दोष दिला नाही. आधी कागदावर मांडायची, मग एक ओळ बदलायची, चालवून बघायची, पुन्हा एक ओळ बदलायची. तिच्या चिकाटीचं मला फार कौतुक वाटे.

तरीही गेल्या सत्रात तिच्या असाइनमेंटला शून्य मिळालं. ‘प्रोग्रॅम चालत नाही,’ एवढाच मॅडमचा शेरा.

“आई, पण माझ्याकडे चालतोय गं!” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. तिने पुन्हा चालवला आणि मीही ऐटीत चालवून दाखवला. चूक कुठे होती ते कुणालाच कळलं नाही. या खेपेला पुन्हा शून्य मिळालं असतं, तर तिचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

यंदाचा प्रोग्रॅम तिने आईसाठीच रचला होता. गिऱ्हाइकाची मापं वाचायची आणि कापड कमीत कमी वाया जाईल असे तुकडे मांडून दाखवायचे. आईच्या वहीतली सगळी मापं तिने एका फाईलमध्ये उतरवून घेतली. शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता काम पुरं झालं. पाठवायची मुदत पाचपर्यंत होती.

आईने दाताने दोरा तोडला आणि विचारलं, “दुसऱ्या कुणाकडे चालवून बघितलास का?”

“कशाला? इथे चालतोय की.”

“गेल्या वेळेलाही इथे चालतच होता. मी गिऱ्हाइकाचा कोट माझ्या अंगावर घालून बघते का? त्याच्या अंगावर बसायला हवा.”

मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या छपाईवाल्या काकांकडे गेली. अर्ध्या तासात परतली ती तोंड एवढंसं करून. “आई, तिथे मापांची फाईलच सापडत नाही म्हणतोय!”

तिने प्रोग्रॅम वरपासून वाचायला घेतला आणि मग आमच्या दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. मापांची फाईल कुठून घ्यायची, तो सगळा पत्ता तिने माझ्या पोटातलाच लिहिला होता. मला ती फाईल चटकन सापडे, म्हणून मी दर वेळी ‘हो’ म्हणत होतो. दुसऱ्या यंत्राला कशी सापडावी? गेल्या वेळच्या शून्याचं कारणही तेच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने आईला समजावून सांगितलं, तशी आई हसली. “अगं, मी काजं करायला कपडा बाहेर एका बाईकडे देते, तेव्हा बटणं, दोरा, मापाची चिठ्ठी एकाच पिशवीत घालते. बटणं आमच्या कपाटातून घ्या म्हटलं, तर ती बाई काय इथे येणार आहे?”

मुलीने फाईल प्रोग्रॅमच्या शेजारी, एकाच फोल्डरमध्ये ठेवली आणि ‘तुझ्या शेजारीच बघ’ असा नवा पत्ता लिहिला. पुन्हा काकांकडे धावली. चालला!

साडेचार वाजता फोल्डर पाठवायला घेतलं, तर माझी वायर सैल झाली. पडदा लुकलुकला. आईने हातातली सुई खाली ठेवली आणि वायर बोटांनी घट्ट दाबून धरली. फोल्डर पोहोचेपर्यंत ती माउली जागची हलली नाही. मीही सगळं बळ एकवटून जागा राहिलो.

आठवड्याने मॅडमचा शेरा आला. मुलीने तो मोठ्याने वाचला, “पहिल्याच फटक्यात चालला. मापं कुठून आणलीस?”

“आमच्या वहीतली आहेत म्हणावं!” आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

आता मुलीकडे नवा लॅपटॉप आहे. मला वाटलं, पुन्हा कपाटाचा माथा आला नशिबी. पण तिने माझं इलॅस्टिक बदललं आणि मला नव्याच्या शेजारी ठेवलं. म्हणून मित्रांनो, जुनं झालं की लगेच टाकून देऊ नका, त्याच्याजोगं काम शोधा. तिचा प्रत्येक प्रोग्रॅम आता आधी माझ्यावर चालतो, मगच घराबाहेर पडतो. आणि नव्याच्या पोटात काही राहिलं असेल, तर मी सरळ ‘नाही’ म्हणतो.